किल्ली फेकायची की जपायची?

पॅरिस, रोम, कोलोन... जगभरातले प्रेमिक पुलांना कुलपं लावत सुटलेत. आमच्या एका मैत्रिणीनं ठरवलं, आपण हरसूलच्या रस्त्यावरच्या पुलाला लावायचं. मग काय काय झालं, त्याची ही गोष्ट.

आपल्याकडे प्रेम जाहीर करायच्या पद्धती तशा ठरलेल्या आहेत. कॉलेजच्या बाकावर कर्कटकानं कोरलेला बदाम, त्यातून आरपार गेलेला बाण, गडाच्या बुरुजावर ऑइलपेंटनं रंगवलेली दोन नावं, रिक्षाच्या मागच्या काचेवर इनिशियल्स. लग्न झालं की उखाणा, आणि ज्येष्ठात वडाला गुंडाळलेला दोरा. (बुरुजावर नाव लिहिणाऱ्यांसाठी एक फुकटचा सल्ला : २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकाचं विद्रूपीकरण केलं, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेवढ्या पैशांत हनिमून होतो!) या सगळ्या यादीत कुलूप मात्र कधीच नव्हतं.

ते आलं बाहेरून. फंडा एकदम सोपा. एक कुलूप घ्यायचं, त्यावर दोघांची नावं टाकायची, पुलाच्या कठड्याला ते लावायचं आणि किल्ली नदीत फेकून द्यायची. झालं. प्रेम लॉक! सोबत फोटो हवाच.

ही टूम जगभर पसरायला कारण ठरलं एक पुस्तक. इटलीतल्या फेदेरिको मोच्चा या लेखकाच्या २००६ सालच्या कादंबरीत एक जोडी रोमच्या पोंते मिल्वियो या प्राचीन पुलावरच्या दिव्याच्या खांबाला कुलूप लावते. पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमा आला आणि रोममधली पोरंपोरी खऱ्या पुलावर खरी कुलपं घेऊन धावली. इतकी, की २००७मध्येच तो खांब बिचारा वाकला. २०१२मध्ये महापालिकेनं कटर आणून कुलपं कापून नेली. तोवर हे लोण पॅरिसला पोहोचलं होतं. तिथल्या पाँ दे झार या पादचारी पुलाची जाळी २००८च्या आसपासपासून कुलपांनी भरत गेली. जून २०१४मध्ये कठड्याचा एक भाग वजनानं कोसळला आणि वर्षभरानं पालिकेनं सगळीच कुलपं काढली. वजन भरलं सुमारे ४५ टन! २०१७मध्ये त्यातल्या काहींचा लिलाव करून निर्वासितांसाठी सुमारे अडीच लाख युरो जमवले गेले. म्हणजे कुणाची तरी ब्रेक-अप झालेली कुलपंसुद्धा कुणाच्या तरी कामी आली म्हणायची.

मॉस्कोनं जरा शहाणपणा दाखवला. तिथे पुलावर लोखंडी झाडंच उभी केली. लावा बाबांनो, यांना लावा. जर्मनीतल्या कोलोन शहरात मात्र कुलपांनी मजेत मुक्काम ठोकलाय, कारण तो पूलच रेल्वेचा. ज्याच्यावरून दिवसभर गाड्या धडधडत जातात, त्याला चार कुलपांचं काय ओझं?

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सर्बियातली. व्हर्न्याच्का बान्या नावाच्या छोट्या गावात पहिल्या महायुद्धाच्या काळातली एक कहाणी सांगतात. नादा नावाची शिक्षिका आणि रेल्या नावाचा लष्करी अधिकारी. दोघं रोज संध्याकाळी गावातल्या पुलावर भेटायचे. तो लढाईवर गेला, ग्रीसला पोहोचला आणि तिथल्याच एका मुलीच्या प्रेमात पडला. इकडे नादा झुरून मेली. त्यानंतर गावातल्या मुलींनी आपली आणि आपल्या मित्राची नावं कुलपांवर लिहून ती त्या पुलाला लावायला सुरुवात केली.

बघा हं, म्हणजे ही 'क्यूट' पद्धत जन्माला आली ती भीतीतून. तो गेला आणि परतलाच नाही तर? अर्देशीर गोदरेज यांनी १८९७मध्ये मुंबईत कुलपं बनवायला घेतली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चोर होते. नादाच्या गावातल्या मुलींच्या डोळ्यांसमोर ग्रीस होतं.

हे सगळं मी वाचायला घेतलं ते आमच्या मैत्रिणीमुळे. मॅडम नाशिकच्याच, नोकरी आयटीत. लग्न डिसेंबरमध्ये. नवरदेवही आयटीवालेच. आणि जानेवारीत नवरदेवांना ऑनसाइट! कुठे? जर्मनीत. किती? दोन वर्षं. हिचं प्रोजेक्ट इथलं, हिची आई इथली, त्यामुळे ही इथेच. घरच्यांनी 'दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील' हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की ते ऐकलं तरी तिचा चेहरा पडायचा. प्रीवेडिंग शूटची चर्चा निघाली तेव्हा ती म्हणाली, ''मला गाऊन नको, ड्रोन नको. एक कुलूप लावतानाचा फोटो हवा. बस्स.''

लोकेशन कुठलं? गोदावरीवर नको, रामकुंडाजवळ ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. मग ठरलं, गिरणारे, वाघेरा घाट आणि पुढे हरसूल. नाशिककर बायकर्सना हा रस्ता सांगायला नको. पावसाळ्यात इथे अख्खं शहर लोटतं, पण आम्ही गेलो दिवाळीनंतरच्या रविवारी. भात कापून झालेला, डोंगर पिवळसर, वाघेरा किल्ला एका बाजूला आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. लाइट सॉलिड. फोटोग्राफर खूश.

एकच घोळ. कुलूप आणायचं प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं आणलंय. त्यामुळे हरसूलच्या बाजारपेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात शिरलो.

''काका, एक कुलूप द्या. दिसायला छान हवं.''

''दाराला का पेटीला?''

''पुलाला.''

काकांनी चष्म्यावरून बघितलं. ''पुलाला? पूल कोण चोरतंय ताई?''

मग मैत्रिणीनं त्यांना सगळं समजावलं. नावं, किल्ली, नदी. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ''म्हणजे परत उघडायचंच नाही?''

''नाही.''

''मग कुलूप कशाला? बाइंडिंगची तार देतो. पक्कडीनं पीळ मारा. निम्म्या पैशात होईल.''

आम्ही हसून हसून बेजार. पण काउंटरपाशी आमच्या आधीपासून एक जोडपं उभं होतं, ते काही हसलं नाही. पंचविशीच्या आतलं असेल. तेही कुलूपच घ्यायला आले होते. तो दोन-तीन कुलपं हातात घेऊन, दाबून, ओढून बघत होता. ती गप्प. मी उगाच विषय काढायचा म्हणून विचारलं, नवीन घर का? तर म्हणाली, ''नाही. जायचंय. पिंपळगावकडं. द्राक्षात.''

''दोघंही?''

''दोघंच. मालकाला जोडी लागते.'' मग जरा थांबून म्हणाली, ''म्हातारी असायची घरी. कडी घातली का बास. औंदा म्हातारी नाही.''

त्यानं पैसे दिले. कुलूप पिशवीत गेलं. दोन किल्ल्यांपैकी एक तिनं तिथल्या तिथे गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली, दुसरी त्यानं खिशात टाकली. दोघं गेले. काका म्हणाले, ''दिवाळी झाली का पंधरा दिवस कुलपंच जातात बघा. नंतर वर्षभर कोण विचारत नाही.''

आता हे आपल्याला माहीत नसतं असं नाही. नाशिकच्या वाइनचे आपण एवढे गोडवे गातो, वायनरीत जाऊन सेल्फी काढतो. पण त्या बागेतली छाटणी, विरळणी, घडांचं डिपिंग, खुडा ही कामं करणारे हात बहुतेक या डोंगरातून येतात. हरसूल, पेठ, सुरगाणा. इथली शेती पावसाच्या पाण्यावरची. भात, नागली, वरई निघाली की रानात काम उरत नाही आणि काही महिन्यांत विहिरीही तळ गाठतात. मग घरंच्या घरं खाली उतरतात, निफाड-दिंडोरीच्या बागांत, वीटभट्ट्यांवर, आपल्या नव्या टॉवर्सच्या साइटवर. याच रस्त्यावरच्या गिरणाऱ्यात मजुरांचा बाजार भरतो. सकाळी लवकर गेलात तर दिसेल : पाठीवर बोचकी, कडेवर लेकरं, आणि भाव ठरवणारे बागायतदार. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीला नावच आहे, 'कोयता'. एक जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती कोयत्याला, तुम्हाला किंवा त्यांना वेगवेगळी नाही. 'टू बिकम वन' वगैरे आपण ग्रीटिंग कार्डवर वाचतो. इथे ते मुकादमाच्या वहीत असतं.

घर राखायला म्हातारं माणूस मागे राहतं. ते नसेल तर कुलूप. होळीला बहुतेक सगळे परततात, कारण होळी म्हणजे इकडची खरी दिवाळी. नंतर बोहाड्याची सोंगं नाचतात, लग्नं होतात. तेव्हा ती कुलपं उघडतात.

दुकानातून बाहेर पडल्यावर आमच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग फोटोग्राफरला शूटची आठवण झाली आणि आम्ही पुलाच्या शोधात निघालो.

आणि इथे खरी गंमत झाली. कुलूप होतं, जोडी होती, कॅमेरा होता. कठडाच नव्हता!

या भागात लहान नद्या-ओढ्यांवर असतात ते फरशी पूल. बुटके, पात्राला जवळजवळ टेकलेले. पावसाळ्यात पाणी त्यांच्या डोक्यावरून जातं आणि ते जाणार हे धरूनच ते बांधलेले असतात. अशा पुलाला पक्का कठडा घातला, तर पुरात वाहून येणारी झाडं, फांद्या, गवत त्यात अडकतं. पाणी तुंबतं आणि त्याचा सगळा जोर पुलावर येतो. म्हणून कडेला फक्त सिमेंटचे खुंट असतात, नाहीतर पावसाळ्याआधी काढून ठेवता येतील असे पाइप. म्हणजे ज्या गोष्टीला आपण आपलं 'कायमचं' प्रेम अडकवणार, ती जूनमध्ये सुटी करायची सोय आधीच करून ठेवलेली! नवरदेव म्हणाले, ''खुंटाला साखळी गुंडाळून लावू या?'' यावर नवरीनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तो फोटो खरं तर सगळ्यात भारी आलाय.

मला मात्र पुलावर बसल्या बसल्या शेंद्रीपाडा आठवत होता. तुम्हालाही आठवेल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलाच पाडा, खरशेत ग्रामपंचायतीतला. तिथे तास नदीची खोल घळ आहे आणि बायका पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन लाकडी बल्ल्यांवरून ती ओलांडायच्या. त्यांचे फोटो व्हायरल झाले, आणि जानेवारी २०२२मध्ये तिथे लोखंडी पूल बसवला गेला. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे स्वतः गेले होते. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो पूल वाहून गेला. सहा महिन्यांत!

पॅरिसमध्ये प्रेमाच्या ओझ्यानं कठडा पडतो आणि ती जगाची बातमी होते. इथे अख्खा पूल जातो. आणि वजनाचं म्हणाल, तर आपल्याकडच्या जुन्या लोखंडी पुलांची चेष्टा करू नये. १५ जून २०२५च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि ४ जण गेले. त्यामुळे एखाद्या पुलाला शोभेसाठी काही लटकवायची कल्पना मला आता फारशी रोमँटिक वाटत नाही. लोकांनी चालायला बांधलेली वस्तू आहे ती. आपला अल्बम नव्हे.

हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. मैत्रीण चिडली. ''मला कळतं गं ते सगळं. पण मला काहीतरी करायचं होतं. तो जाणार, मी इथे. रोज व्हिडिओ कॉल करू, मान्य. पण हाताला लागेल असं काय आहे?''

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न खराच आहे. आपल्यापैकी किती जण असे राहतात! एक हिंजवडीत, एक बंगळुरूत. एक नाइट शिफ्टला, एक डे शिफ्टला. एकाच घरात राहूनही डब्यातल्या चिठ्ठीवर भेटणारे. हाताला लागणारी खूण प्रत्येकालाच हवी असते.

मग या डोंगरातले लोक काय करतात? हा प्रश्न मी नंतर बऱ्याच जणांना विचारला, वाचलंही. मजा आहे. पहिली गोष्ट, इथल्या अनेक आदिवासी समाजांत हुंड्याच्या उलट चाल आहे. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज द्यायचं. दुसरी, सह्याद्रीच्या या पट्ट्यात लग्नाचा खर्च झेपत नसेल तर जोडपी आधी संसार थाटतात आणि विधी मागाहून, पैसे जमले की. सामुदायिक विवाहात अशी जोडपी उभी राहतात, कधी कधी स्वतःच्या मुलांना कडेवर घेऊन. आपण ज्याला 'लिव्ह-इन' म्हणून कुजबुजतो, त्याला इथे कुणी नाव ठेवत बसत नाही.

आणि लग्नाची खूण? वारल्यांच्या लग्नात सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. मध्ये पालघट देवी. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाईच, गाणी म्हणत. आज आपण कुर्त्यावर, कपांवर, लॅपटॉप स्लीव्हवर जी वारली चित्रं मिरवतो, त्यांचं मूळ या लग्नाच्या भिंतीत. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ती कागदावर आणली आणि जगभर नेली. पण भिंतीवरचा मूळ चौक टिकावा म्हणून कुणी धडपडत नाही. भिंत कुडाची, वरून शेणामातीनं सारवलेली. पुढचं सारवण झालं की चित्र गेलं. पुढच्या लग्नाला नवं.

टिकवायचं असेल तर गोंदण. जत्रेत मशीनवाला बसतो, हातावर नाव घालून देतो. मेल्यावरही सोबत येतं ते गोंदण, असं जुन्या बायका सांगतात. यात एक बरं, ज्याचं प्रेम त्याच्याच अंगावर राहतं. पुलाला त्रास नाही. (आपल्या नवरीला हा ऑप्शन सुचवून पाहिला. ''सुईची भीती वाटते,'' म्हणाली. विषय संपला.)

शूट शेवटी झालं. फरशीवर पाय सोडून बसलेले दोघं, मागे डोंगर आणि नदीत गुडघाभर पाणी. कुलूप दोघांच्या मधे ठेवलेलं, उघडंच. फोटोग्राफरनं किल्ली फेकायची ॲक्शन करून दाखवा म्हटलं, तर हिनं मूठ उघडलीच नाही. चार टेक झाले, मग त्यानंही नाद सोडला.

येताना गिरणाऱ्यात चहाला थांबलो. बाजार उठून गेला होता. टपरीवाल्यानं सांगितलं, आज बऱ्याच गाड्या भरून गेल्या.

लग्न डिसेंबरमध्ये झालं. मांडवात उखाण्याची वेळ आली तेव्हा नवरदेवांनी काकांच्या बाइंडिंगच्या तारेवर यमक जुळवलं. ते इथे छापण्यासारखं नाही. जानेवारीत ते जर्मनीला गेले. ऑफिस कोलोनपासून लांब नाही म्हणे, पण अजून तरी पुलावर जाऊन आल्याचं ऐकलं नाही.

हरसूलचं कुलूप सध्या गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटच्या सेफ्टी डोअरला असतं. काकांनी दोनच किल्ल्या दिल्या होत्या, तिसरी हिनं करून घेतली. एक हिच्या पर्समध्ये. एक नवरदेव घेऊन गेलेत, तिकडच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. तिसरी माझ्याकडे आहे, कारण मी खालच्याच मजल्यावर राहते आणि तिची शिफ्ट असली की गॅस सिलिंडर मलाच घ्यावा लागतो.